जुन्या मोटारसायकलचं ऑइल: कोणतं घालायचं, कशात काय मिसळायचं

पावसाळा तोंडावर आला की आणि गणपती उरकले की, वर्षातून दोनदा तेच प्रश्न हटकून येतात. गाडी वीस वर्षांची झाली. मिस्त्री म्हणतो, जाड ऑइल घाला. दुकानदार सिंथेटिकचा डबा पुढे करतो. शेजारी सांगतो, ट्रॅक्टरचं उरलेलं घातलं तरी काही होत नाही. त्यात घरी एका कंपनीचं अर्धं ऑइल शिल्लक आणि बाजारात दुसऱ्याच कंपनीचं मिळालेलं. दोन्ही एकत्र चालतील का?

आजरा तालुक्यात, उत्तूरपासून गवसेपर्यंत, रोजच्या कामाच्या गाड्या बघितल्या तर बहुतेक हिरो होंडाची स्प्लेंडर, पॅशन किंवा सीडी १००, बजाजची बॉक्सर, सीटी १०० किंवा जुनी पल्सर. एखाद्या घरी जपून ठेवलेली बुलेट, आरएक्स १०० किंवा राजदूत. डेअरीला दुधाचे कॅन, रानातून वैरणीचा भारा, गिरणीला घनसाळ भाताचं पोतं, सगळं याच गाड्यांवर. त्या आणखी दहा वर्षं चालाव्यात असं वाटत असेल तर एक क्रम पक्का धरा: आधी ऑइलची पातळी, मग ग्रेड आणि क्लचचा शिक्का, कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. आपल्याकडे चर्चा नेमकी उलट्या क्रमाने चालते, आणि जुनी इंजिनं चुकीच्या कंपनीच्या ऑइलपेक्षा कमी ऑइलवर चालवल्यामुळे जास्त बसतात.

पातळी कशी बघायची

स्प्लेंडरसारख्या १०० सीसी गाडीत ऑइल बदलताना जेमतेम ९०० मिली बसतं. जुनं इंजिन थोडं ऑइल जाळतंच. त्यातलं ३०० मिली गेलं तर तिसरा हिस्सा संपला, आणि तुम्हाला बाहेरून काहीच कळत नाही. या गाड्यांना ऑइल संपल्याचा दिवा नसतो. इंजिन हवेवर थंड होणारं असल्याने आतली उष्णता वाहून नेण्याचं कामही याच ऑइलकडे असतं.

१. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. साइड स्टँडवर किंवा उतरत्या अंगणात घेतलेलं माप खोटं येतं.

२. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरेल.

३. ऑइलच्या टोपणाभोवतीची लाल माती आधी पुसा. ती आत पडली तर इंजिनात पॉलिशपेपर फिरवल्यासारखं होतं.

४. कांडी काढून स्वच्छ फडक्याने पुसा आणि परत घाला. हिरो होंडाच्या गाड्यांत टोपण न आवळता, नुसतं टेकवून माप घ्यायचं असतं. आवळून घेतलं तर कांडी जास्त खोल जाते आणि कमी असलेलं ऑइल पुरेसं दिसतं. इतर गाड्यांसाठी त्यांचं पुस्तक बघा. काही गाड्यांना कांडीऐवजी काचेची खिडकी असते.

५. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे असावी. खुणेच्या वर भरू नका. जादा ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये जातं आणि सीलवर दाब येऊन गळती सुरू होते.

चांगल्या गाडीचं माप दर पंधरा दिवसांनी घ्या, धूर मारणाऱ्या गाडीचं प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना. कांडीला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर कार्बोरेटरचा फ्लोट अडकून पेट्रोल इंजिनात उतरतंय असं समजा. रात्री पेट्रोलचा कॉक बंद ठेवा, कार्बोरेटर दुरुस्त करून घ्या आणि मगच ऑइल बदला.

डब्यावर काय वाचायचं

डब्याच्या दर्शनी बाजूला इंजिनांची चित्रं आणि मोठे दावे असतात. कामाचा मजकूर मागच्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरांत असतो. तीनच गोष्टी शोधा.

- ग्रेड: १० डब्ल्यू ३०, २० डब्ल्यू ४०, २० डब्ल्यू ५० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं ते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही १० डब्ल्यू किंवा २० डब्ल्यू पुरतं. ५ डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही.
- जासो एमए किंवा एमए२: हा जपानी मानकाचा शिक्का आहे आणि मोटारसायकलवाल्यासाठी डब्यावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. कारण पुढे येतंच.
- एपीआय: एसजी, एसजे, एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरं. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. पुस्तकात एसजे सांगितलं असेल तर एसएल किंवा एसएन चालतं, जासो एमए सोबत असेल तर.

पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मॉडेल आणि साल सांगून ग्रेड विचारा. स्प्लेंडरच्या घराण्याला साधारण १० डब्ल्यू ३०, पल्सरला २० डब्ल्यू ५० असं सांगितलेलं असतं. मॉडेलनुसार फरक असल्याने ऐकीव माहितीवर जाऊ नका.

जाड ऑइल घालावं का?

मिस्त्रीचा सल्ला अगदीच चुकीचा नसतो. बोअर आणि रिंगा झिजल्या की फटी वाढतात, पातळ ऑइल त्यातून वर जाऊन जळतं. अशा वेळी १० डब्ल्यू ३० वरून २० डब्ल्यू ४० वर आलात तर ऑइल खाणं काहीसं कमी होतं, टॅपेटचा आवाजही थोडा दबतो. आपल्या हवामानात एवढा बदल जुन्या १०० सीसी गाडीला मानवतो. पण एकच पायरी चढा. एकदम २० डब्ल्यू ५० घातलं तर सकाळी किक जड लागते, गाडी ओढत नाही, मायलेज उतरतं. लहान इंजिनाच्या बारीक मार्गांतून थंड असताना ते वर कॅमपर्यंत पोचायलाही वेळ लागतो.

आणि गाडी ऑइल खात नसेल, धूर नसेल, तर वय वीस असलं तरी कंपनीने सांगितलेलीच ग्रेड घाला. झीज मोजायची ती धुराने आणि कांडीने.

धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभ्या गाडीला पहिल्या किकला निळा धूर येऊन लगेच थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं गेलीत, ते काम स्वस्तात होतं. ओझं घेऊन चढ चढताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर. हे दुखणं कुठल्याही ऑइलने जात नाही. ‘धूर बंद’ करणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नका. तेच पैसे रिंगांच्या कामाला लावा.

सिंथेटिकबद्दल थोडक्यात. चांगलं ऑइल आहे, तापल्यावर जास्त टिकतं, जुन्या इंजिनाला विष नाही. मात्र त्याने आतला साचलेला मळ धुतला जाऊ शकतो, आणि कडक झालेल्या ज्या सीलची फट त्या मळाने बुजली होती ती पाझरायला लागते. दर दोन-अडीच हजार किलोमीटरला ऑइल बदलणाऱ्या साध्या १०० सीसी गाडीला मिनरल पुरेसं आहे. महाग ऑइल दुप्पट दिवस चालवण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदललेलं कधीही चांगलं.

कारचं, स्कूटरचं, ट्रॅक्टरचं: क्लच काय म्हणतो?

कारचा क्लच इंजिन ऑइलपासून वेगळा, कोरडा असतो. मोटारसायकलच्या क्लच प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात ज्यात पिस्टन आणि गिअर चालतात. कारच्या पेट्रोल बचतीच्या ऑइलात घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनाला ती बरी, पण क्लचला घर्षणच हवं असतं. म्हणून जासो एमएचा शिक्का: या ऑइलात क्लच घसरणार नाही याची ती चाचणी.

- कारचं ऑइल मोटारसायकलमध्ये नको.
- एमबी शिक्क्याचं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर डबे वेगळे ठेवा आणि त्यांवर खडूने नाव लिहा. दोन्ही डब्यांवर १० डब्ल्यू ३० लिहिलेलं असतं, घोटाळा तिथेच होतो.
- ट्रॅक्टरचं किंवा पिकअपचं डिझेल इंजिन ऑइल दुसऱ्या इंजिनाच्या गरजेने बनवलेलं असतं. त्यावर जासो एमए नसेल तर हात लावू नका. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक किंवा गिअरचं ऑइल तर कधीच नको.

चुकीचं ऑइल पडल्याची खूण चढावर कळते. सावंतवाडीहून आंबोली घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. आधी क्लचच्या वायरला जरा सैलपणा आहे का ते बघा. असेल आणि ऑइल चुकीचं असेल, तर लगेच काढून योग्य ऑइल घाला. लवकर लक्षात आलं तर प्लेटा वाचतात.

मिसळायचं की नाही?

सगळ्यात जास्त भीती या प्रश्नाची. एक गोष्ट लक्षात घ्या: तुम्ही कंपनी बदलून नवं ऑइल घालता तेव्हा जुनं थोडं आत राहतंच, कितीही वेळ गाळलं तरी. म्हणजे मिसळ दर वेळी होते आणि तिने इंजिन बसत नाही. एपीआय मानकाची इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतील, फाटणार नाहीत, हे त्या मानकातच अपेक्षित आहे.

- ग्रेड तीच, जासो एमए तेच, कंपनी वेगळी: टॉपअपला खुशाल चालतं.
- मिनरलमध्ये सेमी-सिंथेटिक किंवा सिंथेटिक: चालतं. फक्त महागाच्या ऑइलचा पूर्ण फायदा मिळत नाही, आणि बदलायची मुदत मिनरलचीच धरायची.
- १० डब्ल्यू ३० मध्ये २० डब्ल्यू ४०: अडचणीत चालतं. दाटपणा दोहोंच्या मधे कुठे तरी येतो. सवय करू नका, पुढच्या बदलीत एकच ग्रेड भरा.
- एमएमध्ये एमबी: टाळा. चुकून थोडं पडलं तर गाडी चालवून बघा, क्लच घसरला तर सगळं काढा.
- फोर-स्ट्रोकच्या इंजिनात टू-स्ट्रोकचं टूटी ऑइल: अजिबात नको. ते जळून जाण्यासाठी बनवलेलं असतं.
- घरातले चार उरलेले डबे एकत्र करून एक बदली: नको. त्या मिश्रणाची ग्रेड कोणालाच सांगता येणार नाही.

गडहिंग्लजच्या वाटेवर कांडी कोरडी निघाली आणि पुढच्या दुकानात तुमच्या कंपनीचं नसून दुसऱ्या कंपनीचं फोर-स्ट्रोक मोटारसायकलचं ऑइल आहे, तर बेलाशक घाला. कोरड्या इंजिनाने घर गाठायचा प्रयत्न करू नका.

आणखी एक. टॉपअप म्हणजे ऑइल बदलणं नव्हे. वर घातलेलं दोनशे मिली आतल्या काळ्या ऑइलला नवं करत नाही. ऑइल काळं पडणं मात्र स्वतःत वाईट नाही, ते काजळी धरून ठेवतंय एवढाच त्याचा अर्थ.

राजदूत, आरएक्स, बुलेटवाल्यांसाठी

टू-स्ट्रोक गाडीत दोन वेगळी ऑइलं लागतात: पेट्रोलबरोबर जळणारं टूटी, आणि गिअरबॉक्समधलं. टूटी घेताना जासो एफसी किंवा एफडी बघा, धूर आणि काजळी कमी होते. गिअरबॉक्समध्येही क्लच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून तिथे पुस्तकाप्रमाणे ग्रेड आणि एमए.

आरएक्स १०० मध्ये टूटीची वेगळी टाकी आणि पंप असतो. ती टाकी रिकामी राहिली तर पिस्टन जाम. पंप काढून टाकलेला असेल तर राजदूतसारखं पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. गाडी जुनी विकत घेतली असेल तर पंप चालू आहे की नाही हे आधी मिस्त्रीकडून नक्की करून घ्या.

मिसळताना एक चूक सर्रास होते. ‘वीसला एक’ आणि ‘लिटरला वीस मिली’ हे एकच समजलं जातं. दोन्हींत अडीच पटींचा फरक आहे:

- २० ला १ म्हणजे लिटरला ५० मिली
- २५ ला १ म्हणजे ४० मिली
- ४० ला १ म्हणजे २५ मिली
- ५० ला १ म्हणजे २० मिली

तुमच्या गाडीचं प्रमाण पुस्तकातून घ्या आणि मोजायला औषधाचं माप किंवा सिरिंज वापरा, टोपणाचा अंदाज नको. कमी पडलं तर पिस्टन धरतो, फार झालं तर प्लग काळा पडतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, म्हणून आठवडाभरात संपेल एवढंच मिसळा आणि डबा घट्ट बंद ठेवा.

जुन्या बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्स या तिन्ही ठिकाणी वेगवेगळं ऑइल असतं. एकाची पातळी बघून बाकीची गृहीत धरू नका. बरेच दिवस उभ्या असलेल्या बुलेटचं इंजिन ऑइल खाली उतरून बसतं आणि माप कमी दिसतं, तेव्हा ती चालवल्यावरच मोजा, नाही तर उगाच जादा भराल.

पावसातली गाडी, उभी असलेली गाडी

आजऱ्याचा पाऊस ऑइलचा मोठा शत्रू आहे. घरातून डेअरी, डेअरीतून घर, एवढ्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि आत धरलेली वाफ बाहेर पडत नाही. टोपणाच्या आतल्या बाजूला पांढरट फेस दिसला तर एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग गाडी चालवून बघा. फेस गेला तर वाफ होती. कांडीवरचं सगळंच ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, ते बदलावंच लागतं.

हिरण्यकेशीवरचा बंधारा पाण्याखाली असताना गाडी घालू नका, हे गाडीपेक्षा तुमच्या जिवासाठी. तरी कुठे पाण्यात बंद पडलीच तर किक मारत बसू नका. ढकलत बाहेर काढा, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी जाऊ द्या, एअर फिल्टर बघा, ऑइल पूर्ण काढा. मग योग्य ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल भरून काही मिनिटं इंजिन चालवा आणि तेही काढून टाका. त्यानंतर नेहमीचं भरा. इथे दोन बदल्यांची काटकसर पुढे बेअरिंगवर निघते.

मालक मुंबई-पुण्याला आणि गाडी गावच्या सोप्यात, अशीही बरीच घरं आहेत. जाण्याआधी ऑइल बदलून जा. वापरलेल्या ऑइलातलं आम्ल आणि ओल महिनोन् महिने आतल्या भागांना लागून राहते. ‘आठवड्याला दोन मिनिटं चालू कर’ असं घरच्यांना सांगू नका, त्याने ओल वाढतेच. चालवायची तर चांगली पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर, नाही तर नुसती उभी. वर्षभर उभी होती तर किलोमीटर न बघता ऑइल बदला.

बदली करून घेताना

रोज ओझं आणि चिखल असेल तर जुन्या गाडीचं ऑइल दोन ते अडीच हजार किलोमीटरला, किंवा पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा बदला, यातलं जे आधी येईल ते. समोर उभे राहा आणि एवढं बघा:

- इंजिन कोमट असतानाच ऑइल काढायचं, म्हणजे गाळासकट निघतं.
- डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन ‘धुवायला’ नकार द्या. थोडं आत राहिलं तरी नवं ऑइल पातळ होतं.
- नटाचा वायसर चेपला असेल तर नवा. नट अंगाचा जोर लावून आवळू देऊ नका. केस ॲल्युमिनियमचा असतो, आटे गेले तर लेथवाल्याकडे जावं लागतं.
- स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कागदी फिल्टर नसतो. उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत जाळी आणि फिरता फिल्टर असतो. कित्येक गाड्यांचं ते कव्हर वर्षानुवर्षं उघडलेलंच नसतं. अधूनमधून कव्हर खोलून सफाई मागून घ्या. त्याच वेळी गास्केट नवं.

नकली ऑइल आणि तुमचे हक्क

रिकाम्या डब्यात भलतंच ऑइल भरून विकणं हा जुना धंदा आहे. सील, टोपणाखालचा पत्रा, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-साल बघा. खोडलेलं किंवा पुसट असेल तर डबा परत करा. सुटं, पिंपातलं ऑइल घेऊ नका. डबा तुमच्या समोर फोडायला सांगा आणि रिकामा झाल्यावर त्याला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

डब्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वर जीएसटी वेगळा मागता येत नाही. खासगी गॅरेजमध्ये स्वतःचं ऑइल घेऊन जा, मजुरी आधी ठरवा. बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर ऑइलचं नाव आणि ग्रेड लिहून घ्या, पुढे काही झालं तर तोच पुरावा.

तक्रार असेल तर आधी दुकानदाराला आणि डब्यावर दिलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर कळवा. तिथे भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. उरलेलं ऑइल आणि डबा टाकून देऊ नका.

जळकं ऑइल कुठे टाकाल?

चेनला लावू नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो. उघड्या चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल चांगलं. गोठ्याच्या मेढींना वाळवीसाठी फासायची रीत आहे, तीही सोडा. जनावरं ते चाटतात, आणि वापरलेलं ऑइल वारंवार कातडीला लागणं माणसालाही घातक आहे. ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतलं तर पिण्याच्या पाण्यात उतरतं. नव्या ऑइलच्याच डब्यात भरून टोपण लावा आणि ज्या गॅरेजचं जळकं ऑइल नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे जातं त्यांच्या पिंपात द्या. बदली गॅरेजमध्ये करत असाल तर ते पिंप कोण उचलतं, हे मिस्त्रीला विचारून ठेवा.